मुलाखत झाली, पण ऐकवत नाही: मौखिक इतिहासाच्या ध्वनिमुद्रणातल्या नेहमीच्या तक्रारी

मौखिक इतिहास म्हणजे लोकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून मुद्रित करून ठेवणं, आणि त्या कामातली तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "आजी दोन तास भरभरून बोलल्या, पण रेकॉर्डिंग ऐकवत नाही." त्यामागोमाग येणारा प्रश्नही ठरलेला, की हे कुठल्या सॉफ्टवेअरने साफ होईल? ते बिघाड कोणता आहे त्यावर ठरतं. पंख्याची घरघर बरीचशी कमी करता येते. खोलीत घुमलेला आवाज जवळजवळ सुधारत नाही. फाटलेला आवाज तर नाहीच. उलट, जी फाइल उघडतच नाही आणि जिच्यावर सगळ्यांनी पाणी सोडलेलं असतं, ती पुष्कळदा पूर्ण वाचते.

म्हणून आधी निदान. ते फोनच्या स्पीकरवर होत नाही. तेवढ्याशा स्पीकरमधून खालच्या पट्टीतले आवाज बाहेरच पडत नाहीत, त्यामुळे विजेची गुणगुण, पंख्याची घरघर, टेबलाचे धक्के फोनवर कळतच नाहीत आणि सभागृहात मोठ्या स्पीकरवर लावलं की सगळ्यांना कळतात. कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथचा नको, कारण त्यात आवाज उशिरा पोचतो आणि मुलाखत चालू असताना कानात स्वतःचाच प्रतिध्वनी आल्यासारखं होतं.

आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो

सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात महाग पडणारा दोष हाच. फोन टीपॉयवर, आजी पलंगावर, मध्ये दीड मीटर अंतर, वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंती उघड्या. माइकपर्यंत आजींचा थेट आवाज पोचतो थोडा आणि भिंतींवरून उलटून आलेला पोचतो जास्त.

इथे हिशेब सोपा आहे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) वाढतो, भिंतींवरून येणारा मात्र होता तेवढाच राहतो. १६० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर आलात तर अंतर तीनदा निम्मं झालं, म्हणजे १८ डेसिबलचा फायदा. हजारभर रुपयांचा कॉलर माइक योग्य जागी लावला, तर लांब ठेवलेल्या वीस हजारांच्या माइकला तो सहज मागे टाकतो.

खोली निवडताना एकदा टाळी वाजवा. टाळीनंतर झण्ण असं शेपूट ऐकू आलं तर खोली बदला. बैठकीच्या खोलीपेक्षा आतली अंथरुणं रचलेली, धान्याची पोती ठेवलेली खोली कितीतरी चांगली. मातीच्या भिंतींचं, सारवलेल्या जमिनीचं जुनं घर मिळालं तर सोडू नका. देवळाचा सभामंडप आणि शाळेचा वर्ग टाळाच. दुसरी खोली नसेल तर समोरच्या उघड्या भिंतीवर दोन जाड गोधड्या दोरीवर टाका आणि पायाखाली सतरंजी घाला. पत्र्याच्या घरात पाऊस सुरू झाला तर थांबा, त्यावर इलाज नाही.

कॉलर माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर, छातीच्या मधोमध. साडीवर लावताना पदराला अडकवण्याची चूक हमखास होते. पदर हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर सरकतो आणि डोक्यावरून घेतलेला असेल तर माइकवर घासतच राहतो. चिमटा पोलक्याच्या गळ्याच्या काठाला हवा आणि वायर पदराखालून. हे काम त्यांना स्वतःला किंवा घरातल्या एखाद्या बाईला करू द्या, तुम्ही कुठे लावायचा ते फक्त दाखवा. चिमट्याजवळ वायरचा लहानसा वेढा ठेवला की वायर ओढली गेली तरी खडखड माइकपर्यंत पोचत नाही.

मंगळसूत्र, बोरमाळ माइकवर आपटत असेल तर माइक दोन बोटं बाजूला सरकवा. मंगळसूत्र काढून ठेवायला सांगू नका. बांगड्याही उतरवायला सांगायच्या नाहीत. मांडीवर घडी केलेलं पांघरूण दिलं की हात त्यावर विसावतात आणि किणकिण निम्म्याने कमी होते. पुरुषांच्या बाबतीत खळ घातलेला सदरा करकरतो आणि तंबाखूची डबी दर दहा मिनिटांनी वाजते. डबी वाजली तर वाजू द्या, फक्त ती वाजत असताना नवा प्रश्न टाकू नका.

कॉलर माइक नको म्हणाले तर एका दिशेने ऐकणारा माइक छोट्या स्टँडवर, तोंडापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, हनुवटीच्या किंचित खालून रोखलेला ठेवा. थेट तोंडासमोर ठेवला तर "प", "फ", "भ" फुटतात. स्टँडखाली घडी घातलेली चादर ठेवा, नाहीतर टेबलावर ठेवलेला चहाचा कप बाँब पडल्यासारखा ऐकू येतो.

जात्यावरच्या ओव्यांचं गणित वेगळं. ओवी बहुधा दोघी मिळून गातात. एकीच्याच गळ्याला माइक लावला तर दुसरी लांब गेल्यासारखी वाटते, म्हणून दोघींच्या मध्ये एकच माइक हवा. शिवाय जात्याची घरघर शब्द गिळते. दोनदा मुद्रण करा, एकदा जातं फिरत असताना आणि एकदा नुसतं गाऊन. पहिलं लयीसाठी, दुसरं शब्दांसाठी. कित्येकींना जातं न ओढता ओवी आठवतच नाही. तेव्हा धान्य न घालता जातं फिरवायला सांगू नका, दगडावर दगड आणखी वाजतो. मूठभर धान्य असू द्या.

सतत गुणगुण किंवा घरघर

डोळे मिटून ऐका. एकाच सुरातली, न बदलणारी "म्म्म" असेल तर ती विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्झवर बसते. कारण बहुधा चार्जर असतो. फोन किंवा लॅपटॉप चार्जिंगला लावून मुद्रण केलं की ती माइकच्या वायरीतून शिरते. चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका.

हवेची घरघर असेल तर पंखा. पंख्याचे दोन वेगळे त्रास आहेत आणि लोक ते एकच धरतात. एक, वारा थेट माइकवर बसतो आणि फडफडतो. त्यावर फोमची टोपी पुरते. दुसरा, मोटरचा आवाज. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर मधल्या वेगाला पंखा जास्त गुणगुणतो, त्यामुळे ठेवायचाच असेल तर पूर्ण वेगावर ठेवा. विदर्भात मे महिन्यात ऐंशी वर्षांच्या माणसासमोर पंखा बंद करणं हा अडाणीपणा आहे. सकाळी सात ते नऊ ही वेळ घ्या, नाहीतर वीस-पंचवीस मिनिटं बंद आणि दहा मिनिटं चालू, असे टप्पे करा. आवाज थोडा खराब आला तरी चालेल, सांगणारा माणूस घामाघूम झालेला चालणार नाही.

"टक टक टक ब्रर्र" असा आवाज येत असेल तर जवळ कोणाचा तरी मोबाइल नेटवर्क शोधतोय. सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत. फ्रिजचा खटका, पाण्याची मोटर, शेजारचा कुकर यांची चौकशी आधीच करा. फ्रिज बंद केलात तर स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.

मुलाखतीच्या आधी किंवा नंतर सगळ्यांना गप्प बसवून ४५ सेकंद नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करा, पंखा होता तसाच ठेवून. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (मागचा आवाज कमी करण्याची सोय) वापरताना हाच नमुना लागतो. तिथे ६ ते ९ डेसिबलच्या वर जाऊ नका. २० वर नेलं की बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं, आणि ते कानाला मूळ घरघरीपेक्षा जास्त टोचतं. त्याआधी ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावा, निम्मं काम तिथेच होतं. हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ फाइलवर कधीच नाही.

शब्द संपला की मागचा आवाज उसळतो

हा दोष ऑटो लेव्हलचा, म्हणजे पातळी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयीचा, आणि म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतीत तो फार जाणवतो. ती मध्ये थांबतात, आठवतात. यंत्राला वाटतं आवाज कमी झाला, ते संवेदनशीलता वाढवतं, पंखा मोठा होतो. पुढचा शब्द आला की एकदम खाली येतं. नंतर हे उलगडता येत नाही. रेकॉर्डरमध्ये ऑटो लेव्हल बंद करा आणि बोलणं सरासरी उणे २० डेसिबलच्या आसपास, मोठ्यात मोठं हसणं उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये राहील अशी पातळी हाताने लावा. पातळी लावताना "हॅलो हॅलो" म्हणायला सांगू नका. "सकाळपासून काय काय केलंत?" असं विचारा, म्हणजे नेहमीच्या आवाजात मिनिटभर बोलणं मिळतं.

मीटरवर शून्याला, म्हणजे सगळ्यात वरच्या मर्यादेला, टेकलेला आवाज फाटतो आणि तो फाटलेलाच राहतो. ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आले आहेत, त्यात पातळी चुकली तरी नंतर खाली आणता येते. पण माइकच स्वतःच्या मर्यादेबाहेर गेला असेल तर त्याचाही उपयोग नाही.

फोनवर मुद्रण करत असाल तर बिनतारी माइकच्या रिसीव्हरमधला आवाज-सफाईचा पर्यायही बंद ठेवा. तो बारीक आवाजात बोललेल्या वाक्यांची शेवटची अक्षरं खातो, आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. "गेलो नाही" मधलं "नाही" गेलं तर काय राहतं ते पाहा.

बाहेरचा माइक लावला, तरी आवाज लांबचाच

फोनने तो माइक घेतलेलाच नाही. अॅप आतल्या माइकवरच चालू आहे. तपास दहा सेकंदांचा: मुद्रण सुरू करून कॉलर माइकवर नखाने खरवडा, मग फोनच्या खालच्या भोकाजवळ खरवडा. ऐकताना कुठलं खरवडणं मोठं येतं ते बघा. दुसरं कारण पिनचं. तीन काळ्या रेघांची पिन फोनसाठी, दोन रेघांची रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यासाठी. उलटसुलट लावली तर आवाज येत नाही किंवा फार बारीक येतो. पन्नास-शंभर रुपयांचा अडॅप्टर मिळतो, पण तो कुठल्या दिशेचा आहे ते विचारून घ्या.

आवाज एकाच कानात येत असेल तर घाबरायचं कारण नाही. स्टिरिओ फाइल वेगळी करून रिकामी बाजू काढून टाका. याचा एक फसवा भाऊ मात्र आहे: हेडफोनवर आवाज ठीक पण विचित्र, डोक्याच्या आत आल्यासारखा, आणि फोनच्या एका स्पीकरवर लावला की बोलणं गायब. चुकीच्या वायरीमुळे दोन बाजू एकमेकींच्या उलट मुद्रित झाल्या आणि एकत्र आल्या की एकमेकींना खोडतात. एक बाजू ठेवा, दुसरी पुसा. मुलाखत जशीच्या तशी परत मिळते.

फाइल शून्य बाइट दाखवते किंवा उघडत नाही

बॅटरी मध्येच संपली, कोणी मेमरी कार्ड ओढून काढलं, फोन बंद पडला. पहिली गोष्ट: त्या कार्डावर आता काहीही लिहू नका. नवी मुलाखत नाही, "बघू चालतं का" म्हणून चाचणी नाही, संगणक "फॉरमॅट करू का?" विचारेल तेव्हा नाही म्हणा. मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाला बाजूला लॉकची छोटी पट्टी असते, ती सरकवून ठेवा.

वेव्ह (.wav) फाइलच्या सुरुवातीला एक लहान मथळा असतो, साधारण ४४ बाइटचा, पण रेकॉर्डरप्रमाणे मोठाही असतो. फाइल किती लांब आहे हे त्यात लिहिलेलं असतं आणि ती नोंद मुद्रण थांबवल्यावर पूर्ण होते. मध्येच वीज गेली तर आवाज कार्डावर असतो, मथळा मात्र अर्धवट. फाइलचा आकार मोठा दिसत असेल आणि ती उघडत नसेल तर ऑडॅसिटीत आयात मेनूतून "रॉ डेटा" निवडा. मुद्रण ज्या सेटिंगवर होतं तेच भरा: २४ बिट, लिटल एंडियन (बाइटांचा क्रम), एक किंवा दोन चॅनल, ४८,००० हर्ट्झ. आवाज आला तर सुरुवातीचा टक्क कापून नव्या नावाने जतन करा. नुसता कर्कश खरखराट आला तर सुरुवातीचं ऑफसेट, म्हणजे कितव्या बाइटपासून वाचायचं तो आकडा, एका बाइटने, मग दोन बाइटने बदलून बघा. २४ बिटमध्ये एक नमुना तीन बाइटचा असतो, त्यामुळे तीनपैकी एक जागा बरोबर बसतेच. बोलणं चिपमंकसारखं किंवा जडशीळ आलं तर हर्ट्झ किंवा चॅनलचा आकडा चुकलाय.

आकारच शून्य दिसत असेल तर फोटोरेकसारखं मोफत साधन कार्ड वाचून फाइली परत काढू शकतं. ते परत काढलेलं कार्डावर नाही, संगणकावर जतन करायचं.

फोनच्या एमफोरए (.m4a) फाइलचं असं सोपं नाही. तिची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, आणि ती नसली तर आवाज असूनही हाती लागणं अवघड. वेव्हमध्ये मुद्रण करा हे सांगण्यामागचं कारण दर्जाइतकंच हेही आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक चॅनल म्हटलं तर तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. शंभर तासांचा प्रकल्प ५२ जीबीत बसतो. जागा वाचवण्यासाठी एमपीथ्रीत मुद्रण करण्याचे दिवस कधीच गेले.

टाळण्यासाठी: कार्ड संगणकात नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. चार्जेबल सेल वापरत असाल तर रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार तसा निवडा, नाहीतर बॅटरीचा अंदाज खोटा दाखवतो. दर चाळीस-पन्नास मिनिटांनी थांबवून नवी फाइल सुरू करा, चहाला थांबायचंच असतं. फोन असेल तर विमान मोड, आणि घरी एकदा स्क्रीन बंद ठेवून वीस मिनिटांची चाचणी. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन मागे चाललेलं अॅप मारून टाकतात, आणि ते मुलाखत संपल्यावर कळतं.

"आमचं काय सांगायचं, आम्ही अडाणी"

हा यंत्राचा बिघाड नाही, पण तक्रारींत याचा नंबर वरचा. मुलाखत सपाट होते, उत्तरं एका ओळीची. दोष बहुधा प्रश्नाचा. "दुष्काळाबद्दल सांगा" म्हटलं की "लई वाईट दिवस होते" एवढंच मिळतं. "खडी फोडायला कुठल्या कामावर जायचात? तिथवर चालत किती वेळ लागायचा? सुकडी कोण वाटायचं? मिलोच्या भाकरी थापता यायच्या का?" असं विचारलं की १९७२ चा दुष्काळ घरात येऊन बसतो. गिरणी कामगाराला संपाबद्दल मत विचारण्याआधी त्याचं खातं विचारा, साचाखात्यात (विणकामात) होता की त्रासनात (सूतकताईत), बदलीवर किती वर्षं काढली, खानावळ कोणाची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप पुढे त्याच्याच ओघात येतो.

साल विचारू नका. विचारलंत तर चुकीचं मिळेल, आणि सांगणारा परीक्षा दिल्यासारखा आखडेल. त्याऐवजी खुंटी द्या: लग्न कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर, हे पाटण, चिपळूण भागात लगेच सांगता येतं, आणि तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पुण्यात पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. मराठवाड्यात रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, लातूर-धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. गोव्यात मुक्तीचा दिवस, १९ डिसेंबर १९६१. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, बाजारहाट करणाऱ्या बायांना ते पक्कं आठवतं. प्रत्येक भागासाठी अशा आठ-दहा खुंट्यांचा कागद आधीच तयार ठेवा, त्यात त्या गावचं धरण, पहिली एसटी, वीज आल्याचं साल ही भर ग्रामपंचायतीत विचारून घालता येते.

सांगणाऱ्याने घटनांचा क्रम चुकवला तर तिथेच दुरुस्त करू नका. लोक दोन घटना एकत्र का जोडतात हीसुद्धा माहितीच असते. दुरुस्ती नंतर टिपणात.

दुसरी अडचण, नवरा किंवा मुलगा उत्तरं देतो. त्याला गप्प करण्याचा प्रयत्न फसतो. पहिला अर्धा तास सगळ्यांचा घ्या, त्याचंही नीट मुद्रण करा, सुरुवातीला प्रत्येकाचं नाव त्याच्याच तोंडून घ्या. मग "आता आईंशी स्वयंपाकाचं विचारायचंय" म्हटलं की बैठक आपोआप मोडते.

आणि तुमचं स्वतःचं "हं… हो का… अरे बापरे" बंद. मान हलवा. उत्तर संपल्यावर मनात पाच अंक मोजा. बरंच काही चौथ्या अंकाला येतं.

फाइल आहे, पण कोणाची ते कळत नाही

"न्यू रेकॉर्डिंग १७" नावाच्या तीसेक फाइली, आणि मुद्रण करणारा नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी. हे टाळायला प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला बोलून नोंद करा: तारीख, गाव, तालुका, सांगणाऱ्याचं नाव, विचारणाऱ्याचं नाव, भाग कितवा. फाइलचं नाव हरवेल, वही हरवेल, पण आवाजातली नोंद आवाजाबरोबरच राहते. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने घाला, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. नावात मोकळी जागा नको, आणि रोमन अक्षरंच ठेवा. देवनागरी नावं काही रेकॉर्डर आणि झिपची जुनी साधनं मोडून टाकतात.

जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी उभा केला, आणि जो आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहे, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्या शोधता येतात याचं कारण प्रत्येक ओवीला तिची गायिका आणि गाव जोडलेलं आहे. ती जोड नसती तर त्या ढिगातून एक ओवी काढता आली नसती.

लिप्यंतर जमत नाही

तासाभराच्या बोलण्याला सहा ते आठ तास लागतात, बोली ओळखीची नसेल तर जास्त. संगणकी श्रुतलेखन पहिल्या मसुद्याला बरं आहे. पण अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी आली की ते ऐकू आलेल्याचं पुस्तकी मराठी करतं, आणि लांब शांततेच्या जागी न बोललेली वाक्यं घालतं, कधी एकच वाक्य दहा वेळा. प्रत्येक ओळ आवाजाशी ताडल्याशिवाय ठेवू नका. "व्हतं" ला "होतं" करू नका. वाचकाला अडेल असं वाटलं तर शेवटी शब्दसूची द्या.

जुनी लिप्यंतरं शोधात सापडत नाहीत अशी तक्रार असेल तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. पडद्यावर मराठी दिसतं, आत भलतीच अक्षरं असतात. परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि मग "ऱ्य" आणि "ऱ्ह" असलेले शब्द हाताने तपासा, "आचाऱ्यांनी" चं "आचार्यांनी" होऊन स्वयंपाकी एकदम विद्वान होतो.

घरात जुन्या कॅसेटी आहेत

कॅसेट लावली आणि आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा आला तर कॅसेट खराब आहे असं लगेच धरू नका. मुद्रण करणाऱ्या यंत्राचं हेड आणि तुमच्या प्लेअरचं हेड वेगळ्या कोनात आहे. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला लहान स्क्रू असतो. तो पाव पाव फेऱ्याने, "स", "श" सर्वांत लख्ख ऐकू येईपर्यंत फिरवा. दर कॅसेटला पुन्हा. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण रबरी चाकाला ते लावू नका. आतली फोमची गादी गळून पडली असेल तर पाच स्क्रूंची रिकामी कॅसेट घेऊन फीत त्यात बसवा. कोकणात फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका, ती बाकीच्या कॅसेटींना लागते. ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटांतच उतरते, घाईचा मार्ग नाही. सुरू करण्याआधी मागच्या दोन्ही पट्ट्या तोडलेल्या आहेत ना बघा, चुकून लाल बटण दाबलं गेलं तर गेलं.

जतन आणि वाटप

पेनड्राइव्ह म्हणजे जतन नाही, तो टपाल आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. दर प्रतीबरोबर चेकसमची (फाइल बदलली तर बदलणाऱ्या पडताळणीच्या आकड्यांची) यादी ठेवा आणि वर्षातून एकदा ताडा. फाइल उघडते याचा अर्थ ती अख्खी आहे असा होत नाही. हार्डडिस्क वर्षातून दोनदा तरी चालवा, पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, कपाटात डांबरगोळ्यांशेजारी नको.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेली मुलाखत परत मिळाली तेव्हा बिघडलेली होती, ही तक्रार हल्ली वाढली आहे. व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, तरच फाइल आहे तशी जाते. सांगणाऱ्याच्या घरी प्रत देताना मात्र वेव्ह देऊ नका. एमपीथ्री, ६४ केबीपीएस, एक चॅनल, तासाला २९ एमबी, साध्या रेडिओ-स्पीकरमध्ये चालेल अशा पेनड्राइव्हवर. लिप्यंतराची छापील प्रत १६ पॉइंटात.

संमतीचा कागद मराठीत, एका पानात, आणि तोच मजकूर वाचून दाखवून आवाजातही घ्या. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही. "होय / नाही" असा एकच प्रश्न पुरत नाही. चार वेगळे विचारा: नाव द्यायचं की बदलायचं, इंटरनेटवर टाकायचं की फक्त अभ्यासकांना, आत्ताच की काही वर्षांनी, आणि कुठला भाग वगळायचा. ओव्या, पोवाडा, भारूड गाणाऱ्यांचा वेगळा हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षांचा धरला आहे, तेव्हा गाण्याची संमती मुलाखतीच्या संमतीत गुंडाळू नका, स्वतंत्र ओळ ठेवा.

शेजारच्या माणसाचं भांडण, कोणाच्या तरी लेकीचं पळून जाणं, जमिनीचा वाद, जातीवरून झालेला अपमान करणाऱ्याचं नाव, हे बोलण्यात येणारच. सांगणाऱ्याने संमती दिली म्हणजे त्या तिसऱ्याने दिली असं नाही. मूळ फाइल अखंड ठेवा, जाहीर प्रतीत ते नाव शांततेने झाका आणि लिप्यंतरात चौकोनी कंसात "नाव वगळले" लिहा. बीप नको, बीपने नाव काय असेल याचीच चर्चा होते.

कुटुंबाने नंतर "काढून टाका" म्हटलं तर आधी सार्वजनिक दुवा त्याच दिवशी बंद करा, मग बोला. कोणी मागितलं, केव्हा, कुठला भाग, हे तारखेसह नोंदवा. मूळ संमतीपत्रात बंद प्रत ठेवण्याची परवानगी असेल तर ती कुलूपबंद राहील, नसेल तर तिन्ही ठिकाणच्या प्रती पुसाव्या लागतात. दुसऱ्या गावची तिसरी प्रत पुसायची राहते, म्हणून चेकसमच्या यादीतच प्रत कुठे आहे याचा एक रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.